नळीवरचा खोटा डबा

"ह्याच्या नळीवर डबा कुठाय?"

आबांनी हे विचारलं तेव्हा मी आधी भडकलो. माझं हे असंच आहे. प्रेम वाटो, भीती वाटो, आनंद होवो, आधी राग येतो आणि बाकीचं मागून येतं. रविवारची सकाळ होती. विरार पूर्वेला चंदनसारच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी टेबल ओढून मी प्लॅस्टिकचा रणगाडा जोडत होतो. वीतभर लांबीचा, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा. वरचा फिरणारा भाग बसवला, तोफेची नळी लावली, आणि कधी नव्हे ते सगळं पहिल्या फटक्यात जुळलं. तेवढ्यात आबा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हा आपला न्हाई."

आबा म्हणजे माझे वडील. मूळ साताऱ्याकडचे. फौजेत रणगाडा चालवायचे, आणि एकाहत्तरच्या लढाईत पंजाबच्या सरहद्दीवर होते. मी जोडत होतो तो रणगाडा त्यांच्याच जातीचा, रशियन बनावटीचा. खोक्यावर तसं ठळक अक्षरांत छापलेलं.

"आबा, हाच तुमचा. खोक्यावर लिहिलंय बघा."

"नळीवर डबा न्हाई. आपलीच माणसं ठोकतील ह्याला."

मी नळीच्या टोकाचा फुगवटा दाखवला. तोफ उडाली की आतला धूर बाहेर ओढून घ्यायला तो असतो. "मग हे काय आहे?"

"त्यो धुराचा," आबा म्हणाले. "डबा मधी असतो. मधी." आणि माझ्यासारख्या माणसाशी काय बोलायचं, असा चेहरा करून ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

मी चरफडत राहिलो. नळीच्या मध्यावर डबा असलेला रणगाडा वेगळाच, इंग्रजी बनावटीचा. म्हातारा दोन गाड्यांची खिचडी करतोय, असं म्हणून मी परत कामाला लागलो. पण हात चालेना. कारण एक गोष्ट माझ्या डोक्यात उशिरा शिरली होती. आबा कित्येक महिन्यांनी काहीतरी ठामपणे बोलले होते.

त्याआधीचं सांगायला हवं. आई गेल्यावर आबांना मी गावाहून इकडे आणलं. मी एकटाच राहायचो. लग्न झालं होतं, पण बायको माहेरी गेली ती तिथलीच झाली. तो विषय वेगळा, आणि त्यात तिचंच सगळं चुकलं असंही मी म्हणणार नाही. तर आबा आले. पहिल्यांदा नुसतं जेवलो की नाही हे विसरायचे. मग जिना विसरायला लागले, खालच्या मजल्यावरच्यांच्या घरात शिरून त्यांच्या सोफ्यावर बसायचे. त्या बाईंनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा मुद्दा काढला आणि मी त्यांना नको ते ऐकवलं. आणि एका सकाळी मी चहाचा कप हातात दिला तर आबा म्हणाले, "मेहरबानी, साब."

मला वाटलं चेष्टा करतात. आबा तसे मिश्कील. मीही म्हटलं, "बिस्कीट देऊ का, हवालदार?" ते ताडकन उभे राहिले, हात सरळ मांडीला लावून. तेव्हा मला कळलं, ही चेष्टा नाही.

त्या दिवसापासून मी साब. मी त्यांचा कोणी अधिकारी आहे आणि हे घर म्हणजे कुठलंतरी लष्करी ठाणं आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं. वागायचे अगदी अदबीनं. भांडण नाही, हट्ट नाही, आदळआपट नाही. लोक म्हणायचे, नशीबवान आहात, काही जणांचे म्हातारे मारायला धावतात. अरे, मारलं असतं तरी चाललं असतं मला. लहानपणी त्यांनी मला पट्ट्यानं फोडलंय, पण फोडतानासुद्धा "पोरा" म्हणायचे. "पोरा, इकडं ये." "पोरा, जेवलास का?" मला दुसऱ्या कुठल्या नावानं त्यांनी हाक मारलेली आठवत नाही. आता घरात दोनच माणसं, आणि त्यातला एक दुसऱ्याला "साब" म्हणून अदबीनं बाजूला सरकून वाट देतोय. कामावरून आलो की दार उघडायच्या आधी मी दारात जरा थांबायचो. आज तरी म्हणतील.

डॉक्टर म्हणाले, नवं आधी पुसलं जातं, जुनं बऱ्याचदा शेवटपर्यंत राहतं. हे ऐकून माझ्या कारागिराच्या डोक्यात एक हिशेब बसला. वालीवला मी प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात टूलरूममध्ये होतो. ज्या लोखंडी साच्यांतून बादल्या आणि बरण्यांची झाकणं निघतात, ते साचे झिजले की दुरुस्त करायचे हे माझं काम. त्या कामाचा एक नियम आहे. कुठूनतरी एक जागा बरोबर माहीत असावी लागते, मग तिथून मोजत मोजत बाकीचा साचा सरळ करता येतो. आबांची ती बरोबर जागा म्हणजे त्यांचा रणगाडा. तो तंतोतंत केला की तिथून पुढे मोजत मोजत ते माझ्यापर्यंत येतील. मला बाकी काही नको होतं. एकदा "पोरा" म्हणावं, बस्स.

रणगाडे जोडायचा नाद मला आधीपासूनच होता. कपाटावर चार-पाच होते, धूळ खात. सोसायटीतले मला पाठीमागे रणगाडेवाला म्हणायचे. टँकरचं पाणी आधी कुठल्या विंगला, यावरून सगळ्यात जास्त भांडणं माझीच, तेव्हा नाव काही अगदी वाईट नव्हतं.

त्या रविवारनंतर मी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेलो. शेजारी पोरं गेम खेळत बोंबलत होती आणि मी एकेक फोटो उघडायची वाट बघत होतो. फोटो वरून खाली इंचाइंचानं उघडायचा. आधी आभाळ, मग झाडं, मग रणगाड्याचं टाळकं, मग नळी. एकाहत्तर सालचा फोटो, आपल्या फौजेचा. नळीच्या टोकाला फुगवटा होता, आणि बरोब्बर मध्यावर आणखी एक होता.

खाली इंग्रजीत कुणीतरी समजावून लिहिलं होतं. आपले रणगाडे रशियन, आणि शत्रूकडचे चिनी, म्हणजे त्याच रशियन गाड्यांची हुबेहूब नक्कल. धुळीत दुरून दोन्ही सारखेच. आपलाच गोळा आपल्याच गाडीवर पडायचा. म्हणून आपल्या लोकांनी नळीच्या मध्यावर एक पोकळ डबा बसवून टाकला. कामाचा काही नाही, धूरही ओढत नाही, काहीच करत नाही. फक्त आपल्या माणसांनी दुरून बघितलं की ओळखावं, हा आपला.

मी तिथेच बसून राहिलो. म्हातारा बरोबर होता. आणि खोटं कशाला बोलू, मला त्या रणगाड्याचा हेवा वाटला. पत्र्याचा एक डबा लावला की झालं. मी काय लावू?

डबा मी कारखान्यात केला. जेवणाच्या सुट्टीत नायलॉनच्या तुकड्यातून लेथवर कातून काढला, आतून पोकळ, हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा. सुपरवायझर आला, मान वाकडी करून बघितलं.

"हे कुठल्या ऑर्डरचं?"

"लष्कराच्या."

तो हसला नाही. त्याला विनोद समजत नसत. म्हणाला, "बिल कुणाच्या नावे?" मी म्हटलं, "हवालदारांच्या." मग तो निघून गेला.

संध्याकाळी घरी येऊन नळी मधोमध कापली, डबा ओवला, नळी पुन्हा जोडली. सोपं वाटतं. केसाएवढी जरी वाकडी बसली तरी दिसते, आणि माझी दोनदा बसली. दिवसा आबांजवळ एक मावशी असायच्या, चंदनसारच्या मागच्या गावातल्या. त्यांची भातशेती होती. शेतं विकून बिल्डिंगा उठल्या, तरी त्यांच्या दारात एक तुकडा राहिला होता. त्या निघायच्या तयारीत होत्या. माझ्या हातातलं बघून म्हणाल्या, "दादा, बाबांनी आज पानी पन नाय पिलं नीट. तुमचा तो गाडाच मांगत व्हते. म्हनत, माजी गाडी वर्कशॉपला गेलीय."

माजी गाडी.  बरोबर जागा सापडली ती अशी.

पुढचे सगळे रविवार मग तेच. सकाळी आबांना अंघोळ घालायची, दाढी करायची, आणि मी रणगाडा टेबलावर ठेवायचा. ते तपासणीला यावं तसे यायचे. हात मागे बांधून एक चक्कर मारायची. मग खोट काढायची. खोक्यातला रणगाडा नंतरच्या काळातला होता, हे मला हळूहळू कळलं. वरच्या झाकणांभोवती जाड कडा होत्या, आबा त्यांवर नख आपटून म्हणाले, "हे कुठलं?" कडा कानशीनं घासून सपाट केल्या. वर मोठी मशीनगन होती, ती आबांच्या गाडीवर नव्हती म्हणे. उपटली. मी एवढ्या प्रेमानं रंगवलेली मशीनगन. "अजून काय काढू?" मी विचारलं, जरा तिरसटपणानंच. ते म्हणाले, "काढू नका साब, बसवा. छागल कुठाय?"

छागल म्हणजे पाण्याची कापडी पिशवी. जुन्या रुमालाचा कोपरा कापला, गोंदात भिजवून फुगवली, दोऱ्यानं मागे टांगली. मग दोरखंड. मग पत्र्याची बादली, ती माझ्याकडून काही गोल होईना. मग गाडी झाकायची जाळी. त्या जाळीसाठी मी आबांचा जुना बनियन फाडला, आणि मावशी दुसऱ्या दिवशी घरभर बनियन शोधत होत्या.

रंगावरून मात्र खरी पंचाईत झाली. मी अगदी पुस्तकी हिरवा लावला होता. आबांनी वाकून बघितलं आणि नाक उडवलं.

"शोरूममधनं आणलाय जणू."

"मग कसा हवा?"

"माती हवी की. आठवडा झाला धुतला न्हाई."

आता पंजाबची माती मी कुठून आणू? जे लोक हा नाद करतात त्यांच्यात या गोष्टीवरून मारामाऱ्या होतात. कुठल्या मुलखाचा चिखल कुठल्या रंगाचा, यावर पानंच्या पानं लिहितात. मी हे सगळं आबांना सांगत बसलो, आणि मावशी केरसुणी धरून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून चाळलेली माती आणली, शेताच्या बांधाची, तिच्यात चुलीतली राख मिसळलेली. "लावून बगा," म्हणाल्या. मी पाण्यात कालवून पट्ट्यांवर आणि चाकांवर फासली. आबांनी बोट फिरवून बोटाला लागलेली धूळ बघितली आणि काहीच बोलले नाहीत. माझ्यासाठी ते प्रमाणपत्रच होतं.

या सगळ्यात ते बोलायला लागले, हे खरं. एकेका सुट्या भागावरून बोलायचे. गाडीत चारजण. ते स्वतः पुढे डावीकडे, झाकण उघडून डोकं बाहेर काढून चालवायचे, कारण आत बसलं की जीव गुदमरतो आणि दिसत काही नाही. मी विचारत राहायचो. मी मनातल्या मनात पुढे मोजत होतो ना. गाडीवरून ठाण्यावर, ठाण्यावरून गावाकडे, गावाकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे.

एकदा म्हटलं, "घरी कोण असतं, हवालदार?"

"मंडळी हाय. आई हाय. एक म्हस हाय."

"मुलंबाळं?"

आबांनी खिडकीबाहेर बघितलं. लाजले असावेत. "बघू," म्हणाले.

मला राग आला. म्हशीची आठवण आहे, माझी नाही. मी उठून ब्रश धुवायला गेलो. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण नाही पडला.

माझा जन्म त्या लढाईच्या दिवसांतला. आबा तिकडे सरहद्दीवर होते. ते पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी रांगायला लागलो होतो. आई ही गोष्ट दर दिवाळीला सांगायची आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. उंबऱ्यात एवढा मोठा दाढीवाला बाप्या बघून मी असं भोकाड पसरलं की शेजारची म्हैस बुजली. आबांनी घ्यायला हात पुढे केले की मी आणखी रडायचो. मग त्यांनी कुणाला काही न म्हणता दाराशी बैठक मारली. बूटसुद्धा काढले नाहीत. आई म्हणाली, आत या, जेवा. ते म्हणाले, बसतो. दिवसभर बसले. आणि संध्याकाळी म्हणे मीच रांगत गेलो आणि त्यांच्या बुटाची नाडी ओढायला लागलो. आई हे सांगायची तेव्हा आबा कधी मान वर करायचे नाहीत, पानाला चुना लावत राहायचे.

रणगाडा दसऱ्याला पुरा झाला. मुद्दाम धरून नाही, आपोआप तसं जमलं. सकाळी कारखान्यात मशीनची पूजा होती. लेथला झेंडूचे हार घातले, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, सुपरवायझरनं सगळ्यांना पेढे वाटले. घरी येताना मी एक छोटा हार आणला. मावशींना दुपारनंतर सुट्टी दिली होती. दुपार उतरत आली होती, ऊन तिरपं टेबलावर यायचं त्या वेळेला मी रणगाडा मधोमध ठेवला. शेजारी माझ्या कानशी, मापाचा व्हर्नियर, बारीक चिमटे मांडले. सगळ्यांवर हळदकुंकू वाहिलं. आणि आबांना हाक मारली.

ते आले. नेहमीसारखी चक्कर मारली नाही. थेट समोर उभे राहिले. मग वाकले, आणि नळीच्या मध्यावरच्या डब्याला तर्जनीचं नख हलकेच लावलं, टक, असं. मग ते बोट तसंच पुढे सरकत सरकत डावीकडच्या छोट्या झाकणावर आलं, जिथून ते डोकं बाहेर काढायचे. तिथं थांबलं.

"हाच," आबा म्हणाले. "हाच आपला."

त्यांचे डोळे असे स्वच्छ मी वर्षभरात बघितले नव्हते. धुकं नाही, घोटाळा नाही.  आबांनी माझ्याकडे वळून बघितलं. अगदी नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत. आता म्हणणार.

"साब," ते म्हणाले, "एक अर्ज होता."

मी हातातलं कुंकू खाली ठेवलं.

"घरला पोरगा झालाय. निरोप आलाय. लढाई संपली म्हणत्यात. म्या अजून बघितला न्हाई त्याला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सुट्टी मिळंल का?"

तेव्हा मला कळलं मी काय करून बसलो होतो. मी त्यांना माझ्याकडे आणत नव्हतो. एकेक कड घासून, एकेक दोरी बांधून मी त्यांना तिकडे पोचवत होतो, आणि आता ते पोचले होते. बरोब्बर त्या जागी, जिथे मी त्यांच्यासाठी नुसता एक निरोप होतो. गाडी जितकी खरी, तितका मी लांब. कारागीर म्हणून काम चोख झालं होतं. माणूस म्हणून मला तो रणगाडा भिंतीवर फेकून मारावासा वाटला. राग आला, नेहमीसारखा. फक्त या वेळी तो आला आणि लगेच निघूनही गेला, आणि मागून जे आलं ते मला आवरेना. मी पाठ फिरवून हार सरळ करत राहिलो.

मग म्हटलं, "मंजूर. उद्या निघा."

आबांनी सॅल्यूट ठोकला. मीही ठोकला, मला येतो तसा.

माझा अंदाज होता, सकाळपर्यंत विसरतील. कसलं काय. सकाळी उठलो तर आबा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून दाराशी तयार. हातात कापडी पिशवी. तिच्यात टॉवेल, एक लुंगी, आणि माझा दाढीचा साबण. रणगाडा त्यांनी माझ्या ताब्यात दिला. "इंजन रोज गरम करत जावा," म्हणाले. "थंडीत बसतं." मी हो म्हटलं. मी कारखान्यात फोन करून आजारी पडलो.

आता यांना कुठं न्यायचं? सातारा काही शक्य नव्हतं, आणि गेलो असतो तरी तिथलं घर बंद, छप्पर खचलेलं. पण सुट्टी मंजूर केलेली, माघार कशी घ्यायची? खाली उतरून रिक्षा केली आणि अर्नाळ्याकडे चला म्हटलं. जाणं-येणं होईल, वारा लागेल, थकतील आणि विसरतील, असा माझा बेत. आबा कडेला बसून प्रत्येक झाडाकडे बघत होते. मधूनमधून विचारायचे, "गाव आलं का?" मी म्हणायचो, "येतंय." रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता.

बाजारात एका दुकानापुढे त्यांनी रिक्षा थांबवायला लावली. बाहेर रंगीत चेंडू आणि पिपाण्या टांगलेल्या. आबा उतरले, बराच वेळ सगळं हाताळलं, आणि एक खुळखुळा निवडला. प्लॅस्टिकचा, लाल-पिवळा. मी तो हातात घेऊन बघितला तर मधल्या जोडावर प्लॅस्टिकची कड तशीच राहिलेली, साचा झिजलेला असणार. सवयीनं नखानं कड खरवडली. आबा म्हणाले, "द्या साब, पोराला लागंल न्हाईतर." आणि स्वतः रुमालानं पुसून खिशात ठेवला. तोंडातून "पोराला" निघालं होतं. ते माझ्यासाठीच होतं आणि मला नव्हतं.

समुद्र बघून आम्ही परत फिरलो. दुपार व्हायला आली होती. बिल्डिंग आल्यावर आबांनी विचारलंच नाही, स्वतःच म्हणाले, "आलं." आणि माझ्या पुढे जिना चढले. न चुकता, खालच्यांच्या दारात न थांबता.

मावशी आल्या होत्या, त्यांच्याकडे एक किल्ली असायची. त्यांनी दार उघडलं, पिशवी बघितली. "बाबा, कुटून आलंत?"

"सुट्टीवर आलोय," आबा म्हणाले. "पोरगा कुठाय?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं, पडदा ओढलेला, आणि सकाळच्या गडबडीत माझी चादर पलंगावर तशीच पडलेली, गोळा होऊन.

"आत झोपलाय," मी म्हणालो.

आबा हळूच दारापर्यंत गेले. फटीतून त्या चादरीच्या गोळ्याकडे बघत राहिले. किती वेळ, कोण जाणे. खुळखुळा त्यांच्या हातात होता. तो वाजू नये म्हणून त्यांनी अख्खा मुठीत गच्च धरला होता.

मला वाटलं आत जातील. चादर उचलतील, आणि मग काय होईल? मी पुढे झालो. पण ते मागे सरले, आणि मला हातानं अडवलं.

"उठवू नका," कुजबुजत म्हणाले. "वळख न्हाई अजून. रडंल."

आणि आबा तिथंच खाली बसले, दाराच्या चौकटीला पाठ टेकून. बूट काढले नाहीत. मावशी डोळ्याला पदर लावून, चपला हातात घेऊन निघून गेल्या. मी कुकर लावायला जात होतो, पण शिटी होईल म्हणून आबांनी मान हलवली, तर तोही राहिला. खाली पाण्याचा टँकर आला, हॉर्न वाजायला लागला, दुसऱ्या विंगची भांडणं सुरू झाली. मी उभाच होतो.

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझी दया आली असावी. शेजारच्या फरशीवर त्यांनी हात थोपटला.

"साब, पहिल्यांदा वळखत न्हाईत," ते मला हळू आवाजात समजावून सांगायला लागले. "त्याचा राग न्हाई धरायचा. आपण नुसतं बसून ऱ्हायचं. येतंय मग आपल्या आपण."

"बसतो," मी म्हणालो, आणि त्यांच्या शेजारी खाली बसलो.